फराळाचे ताट आणि घेण्याचा धर्म

दिवाळीत घरी केलेला फराळ शेजारीपाजारी पाठवणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्याचा धर्माच्या अंगाने विचार करावा असे सहसा कुणाला वाटत नाही. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या आणि व्याघ्रप्रकल्पाच्या वाटेवर असलेल्या हिंगणीसारख्या गावात हे दिवस सोयाबीन घरात येण्याचे आणि सीतादहीची पूजा करून कापसाच्या वेचणीला हात घालण्याचे. शेतात अशी घाई असतानाही अनारशांसाठी तांदूळ भिजत पडतात, चकलीची भाजणी दळून येते, शेव, चिवडा, करंज्या, लाडू होतात आणि लक्ष्मीपूजनाच्या मागेपुढे झाकलेली ताटे घरोघर फिरू लागतात. एक ताट जाते, दुसरे येते. दोन्हींत पदार्थही बहुधा तेच. या देण्याला नाव काय द्यावे? दान म्हणावे, तर परतफेड जवळजवळ ठरलेली. व्यवहार म्हणावे, तर कुणाच्याच पदरी नफा नाही. नुसती रीत म्हणून सोडून द्यावे, तर ती मोडली की माणसे दुखावतात. मला वाटते, या ताटाचे खरे धार्मिक मोल घेण्यात आहे. ज्या घरी आपण फराळ पाठवतो, त्या घरचे आपण तितक्याच आनंदाने खातो का, या एका प्रश्नावर ते ठरते.

हे म्हणणे परंपरेच्या विरुद्ध जाते असे प्रथमदर्शनी वाटेल. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही, अशाला योग्य स्थळी आणि योग्य वेळी दिलेले दान सात्त्विक. परतफेडीसाठी किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले राजस. या मापाने फराळाचे ताट खालच्या पायरीवर जाते. पण दानाचा विचार देणाऱ्याच्या बाजूने केला तेव्हाच हे माप पुरते. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, दान घेण्याचा अधिकार असलेल्या ब्राह्मणालाही प्रतिग्रहाची सवय लावून घेऊ नको, त्याने तेज मावळते, असा इशारा आहे. म्हणजे देणारा वर चढतो आणि घेणाऱ्यावर काहीतरी ओझे येते, हे शास्त्रकारांनाही ठाऊक होते. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस याने 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भेटीवरच्या निबंधात जगभरातल्या समाजांचे दाखले देऊन हेच मांडले, की देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकत्र असतात आणि ज्याला परत करता येत नाही तो खाली राहतो. हिंगणीच्याच जिल्ह्यातल्या पवनारहून निघालेल्या विनोबांना ही अडचण नेमकी कळली होती. 1951 मध्ये भूदान सुरू झाल्यावर त्यांनी जमीन मागितली ती भिक्षा म्हणून नव्हे. मला तुमचा सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असे ते म्हणत. देणाऱ्याला उपकाराची पायरी चढूच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार होता.

अन्नाच्या बाबतीत ही पायरी आपल्या गावांत फार उंच होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सणाचे अन्न मिळत असे, पण ते उरलेले, शिळे, वरून टाकलेले. त्यांच्या घरचे अन्न मात्र वरच्या आळीत कधी जात नसे. देणाऱ्यांना हा धर्म वाटत होता आणि त्यातल्या काहींच्या मनात खरी दयाही असेल. तरीही डॉ. आंबेडकरांनी मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना जे सोडायला सांगितले, त्यात हे शिळेपाके घेणेही होते. एकाच दिशेने वाहणारे अन्न पोट भरते आणि माणूस लहान करते, हा त्या सांगण्याचा गाभा होता. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. त्या काळात हे मोठे धाडस होते आणि वर्ध्याने त्याचा अभिमान बाळगावा असेच ते आहे. पण देवळात दोन माणसांच्या मध्ये देव उभा असतो. एकाच मूर्तीपुढे हात जोडून, एकच तीर्थ घेऊन दोघे आपापल्या घरी परत जाऊ शकतात आणि त्या घरांमधले अंतर होते तेवढेच राहू शकते. ताटाला ती सोय नाही. दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्या हातचे झालेले आपण तोंडात घालायचे असते. म्हणून देवळाच्या दारापेक्षा स्वयंपाकघराचे दार उघडायला आपल्याकडे जास्त वेळ लागला, आणि सगळीकडे ते अजून उघडलेले नाही.

संतपरंपरेने हा फरक ओळखला होता. एकनाथांच्या चरित्रकथांत दोन प्रसंग सांगितले जातात. एकात श्राद्धासाठी रांधलेले अन्न ते महारांना जेवू घालतात. दुसऱ्यात राण्या महाराच्या घरी स्वतः जेवायला जातात. कथा म्हणूनच त्या घेतल्या, तरी परंपरेला दोन्ही सांगाव्याशा वाटल्या हे महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रसंगातले नाथ उदार आहेत. दुसऱ्या प्रसंगात ते पाहुणे आहेत आणि पाहुणा होणे उदार होण्याहून अवघड आहे, कारण तिथे मोठेपण यजमानाकडे द्यावे लागते. वारकऱ्यांच्या काल्यातही हीच दृष्टी आहे. गोपाळांनी आणलेल्या शिदोऱ्या कृष्ण एकत्र कालवतो आणि सगळे मिळून खातात, या कथेत दाता कुणीच नाही. प्रत्येकाने काही आणले आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुसऱ्याचे आले आहे.

आता पहिला आक्षेप. ताट परत येणार हे ठाऊक असताना पाठवलेला फराळ ही शेवटी देवाणघेवाणच नाही का? आहे. पण देवाणघेवाण म्हटली की ती धर्माहून हलकी, हे मला मान्य नाही. गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात देव आणि माणसे यज्ञाने एकमेकांचे पोषण करतात असे सांगितले आहे, आणि जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो असेही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातही एकट्याने खाणाऱ्याला दोष दिलेला आहे. जे नाते देवांशीही दुहेरी आहे, ते शेजाऱ्याशी दुहेरी असल्याने हीन कसे ठरेल? शिवाय या परतफेडीला मोजमाप नाही. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्या घरांतली जुनी शिकवण. काही नसले तर चिमूटभर साखर घालून द्यावी. दहा करंज्यांच्या बदल्यात चिमूटभर साखर हा व्यापार होऊच शकत नाही. आपणही देणारे आहोत, एवढेच ती साखर सांगते.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या वर्षी पीक हातचे गेले, त्या वर्षी येणारे प्रत्येक ताट घराला आपल्या रिकाम्या डब्यांची आठवण करून देते. साखरेच्या चिमटीने रीत सांभाळली जाते, मनाची बोच जात नाही. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना 100 रुपयांत रवा, हरभराडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल देणारा आनंदाचा शिधा सुरू केला. त्यावर राजकारण झाले, वाटपाच्या तक्रारीही झाल्या. पण या लेखाच्या दृष्टीने त्या शिध्याचा अर्थ वेगळा आहे. रवा, डाळ, साखर आणि तेल म्हणजे लाडू आणि शेव. त्यातून मुलांचे तोंड गोड होते तसेच त्या घरातून एक ताट बाहेरही पडू शकते. गरिबाला खायला मिळावे याची काळजी आपण करतो. त्याला देताही यावे, ही त्याची गरज मात्र आपल्या लक्षातच येत नाही.

तिसरा आक्षेप बायांच्या श्रमाचा. दिवसभर वेचणी करून आलेली बाई रात्री चकल्या तळत बसते आणि त्या ताटाचे पुण्य घराण्याच्या नावावर जमा होते. याचे समर्थन कोणत्याही धर्मविचाराने करू नये. जे घर शेजाऱ्याशी बरोबरी सांगते, त्याने ती आधी चुलीपाशी दाखवावी. सोऱ्या दाबायला आणि झारा धरायला पुरुषाचे हात चालतात. मग फराळ विकतच का आणू नये? जरूर आणावा. 1934 मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललेल्या ग्रामोद्योग संघाने गावात बनलेल्या वस्तूला गावातच मान मिळावा म्हणून काम केले. बचत गटाच्या बायांकडून घेतलेला चिवडा त्याच विचारात बसतो आणि त्यांच्या श्रमाला दामही मिळतो. दुकानातल्या बंद डब्याची गोष्ट निराळी. त्यात कमीपणा काही नाही, पण तो कुणाच्या हातचा हा प्रश्नच तिथे उठत नाही. ज्याच्या घरचे पाणीही आपण टाळतो, त्याच्याकडून मिठाईचा सीलबंद डबा सहज घेता येतो. घरच्या ताटाने जी परीक्षा होते, ती डबा चुकवून देतो.

शेवटचा आक्षेप श्रद्धेचा. वर्धा जिल्ह्यात बौद्ध आणि मुसलमान घरेही आहेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाल्यापासून विदर्भातल्या अनेक घरांनी हिंदू सण विचारपूर्वक सोडले. त्यांना फराळ पाठवणे म्हणजे आपली श्रद्धा त्यांच्या दारी ठेवणे नव्हे काय? ही शंका रास्त आहे. नैवेद्य दाखवलेले अन्न कुणाला नको असेल, तर तो आग्रह सोडावा, नैवेद्याआधीचे वेगळे काढून द्यावे, आणि नकारही शांतपणे घ्यावा. कारण नाकारण्याची मोकळीक नसेल तर ती भेट उरत नाही. पण खरी परीक्षा इथेही उलट बाजूने होते. बुद्धपौर्णिमेची खीर आणि ईदचा शिरखुर्मा आपल्या घरी आला, तर तो आपण घरातल्यांसह बसून खातो, की हसून घेतो आणि मागच्या दारी दुसऱ्याला देऊन टाकतो? गोव्यात नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल हिंदूंच्या घरी जातात आणि चतुर्थीचे गोडधोड ख्रिस्ती घरांत येते. आपली श्रद्धा न सोडताही दुसऱ्याच्या सणाचे खाता येते, हे तिथे दिसते.

म्हणून गीतेचे सात्त्विक दान आणि फराळाचे ताट यांत मला भांडण दिसत नाही. दुष्काळात, आजारपणात, संकटात एकतर्फी द्यावेच लागते आणि तिथे परतफेडीचा विचार मनात आणणे वाईटच. पण रोजचे शेजारपण एकतर्फी दानावर उभे राहत नाही. ते उभे राहते परस्परांच्या हातचे खाण्याच्या विश्वासावर. या दिवाळीत ज्या घरांत ताटे पाठवायची त्यांची यादी प्रत्येक घर मनाशी करीलच. तिच्याबरोबर दुसरी यादीही करावी: ज्यांच्या घरचे आपण आजवर खाल्लेले नाही, अशा घरांची. त्या घरी फराळ पाठवण्याआधी, तुमच्याकडे काय केले आहे ते आम्हाला खायचे आहे, असे सांगून त्यांच्याकडे जाऊन बसावे. ज्या घरी आपण असे मागून खातो, त्या घरी पाठवलेल्या ताटात उपकाराचा अंश राहत नाही.