मदत कुणाच्या नावाने?

दिवाळीच्या पाडव्याला आपण बळीची आठवण काढतो आणि शेतकऱ्यालाही बळीराजा म्हणतो. परंतु शेतकरी म्हणायचे कुणाला? जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला, की तिच्यात ज्याचा घाम जिरतो त्याला? एरवी हा शब्दांचा खेळ वाटेल. सरकार शेतकऱ्याला पैसे देऊ लागले, की तोच प्रश्न भाकरीचा होतो.

अमेरिकेत तो एकदा उघडपणे उभा राहिला. १९३३ साली तेथे कापसाला भाव नव्हता. पीक घटले तर भाव चढेल, या हिशेबाने रूझवेल्ट सरकारने उभा कापूस मोडणाऱ्यांना पैसे दिले. सुमारे एक कोटी एकरांवर नांगर फिरला. पुढल्या वर्षी कापूस कमी लावण्याचा करार झाला. त्यात पौंडामागे साडेचार सेंट ठरले. चार मालकाचे, अर्धा सेंट अर्धेलीने कसणाऱ्याचा. लागवड कमी, म्हणून माणसेही कमी लागू लागली आणि कित्येक कसणाऱ्यांना बिऱ्हाड उचलावे लागले. आर्कन्सॉ राज्यातल्या पॉइन्सेट परगण्यात, टायरॉन्झा गावाजवळ, जुलै १९३४ मध्ये ११ गोरी आणि ७ काळी माणसे जमली आणि त्यांनी कसणाऱ्यांची संघटना उभारली. 'मालकांनी आहेत ती कुळे ठेवलीच पाहिजेत,' असा कराराचा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांना मात्र फेब्रुवारी १९३५ मध्ये नोकरी गमवावी लागली.

हे दूरदेशीचे म्हणून आपल्याला सोडून देता येणार नाही. २०१९ पासून आपले केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देते. २०२३ साली महाराष्ट्राने तेवढीच भर घातली. पैसा सातबाऱ्यावरचे नाव पाहून जातो. बटाईने कसणाऱ्याचे नाव तेथे बहुधा नसतेच. याचे एक कारण मोठे विचित्र आहे. 'कसेल त्याची जमीन' म्हणत १ एप्रिल १९५७ रोजी कायद्याने कुळांना मालक केले. ते न्याय्यच होते. पण तेव्हापासून कुळाचे नाव कागदावर येऊ द्यायला मालक भितो. व्यवहार तोंडी होतो, आणि ज्या कायद्याने एका पिढीच्या कसणाऱ्याला जमीन दिली त्याच्याच धाकाने पुढच्या पिढीचा कसणारा कागदाबाहेर राहतो.

कुणी म्हणेल, कागद आहे तेच बरे. तो निदान जात पाहत नाही, ओळखपाळख पाहत नाही. खरोखर कोण कसतो हे गावातल्या पुढाऱ्याने ठरवायचे म्हटले, तर उद्या त्याच्याच दारात रांग लागेल. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. कागदाचा निःपक्षपातीपणा ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्यातून एवढेच सिद्ध होते, की सरकारला कसणारा दिसत नाही. मालकाला तर तो दिसतो ना? या पानांच्या वाचकांपैकी पुष्कळांची गावाकडे चार-दोन एकर जमीन असेल, आणि ती दुसराच कुणी पिकवीत असेल. वाटा तोंडी ठरतो, शब्दावर चालतो. मग शेतीच्या नावाने आलेल्या पैशाचा वाटाही शब्दावर का ठरू नये? पैसा कुणाच्या खात्यात जमा व्हावा हे कायद्याने सांगितले आहे. तो कुणासाठी आला, हे मालकाने स्वतःला विचारायचे आहे. त्याचे उत्तर द्यायला तलाठी लागत नाही.