उतारा, तात्पर्य आणि पूर्वपक्ष : शोधयंत्रातील वर्णनाचा नैतिक प्रश्न

एखाद्या संहितेचे वर्णन करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार अनुबंधांचा ग्रंथारंभी निर्देश करण्याची जी प्रथा शास्त्रग्रंथांत होती, तिच्यात या प्रश्नाचे एक उत्तर अनुस्यूत होते. ग्रंथ कशाविषयी आहे आणि कोणासाठी आहे, हे प्रथम ग्रंथकाराने सांगावे. त्यानंतर ते मान्य करण्याचा किंवा खोडून काढण्याचा अधिकार टीकाकाराला होताच. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ मध्ये शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर अशा घटकांचा संहितेचे 'उंबरठे' म्हणून विचार केला. या विचारात एक अट महत्त्वाची आहे : उंबरठ्यावरील मजकुराचे उत्तरदायित्व लेखकाने किंवा त्याच्या वतीने प्रकाशकाने स्वीकारलेले असते. शोधयंत्राच्या निकालात प्रत्येक दुव्याखाली जो दोन-तीन ओळींचा उतारा दिसतो, तो वाचकाच्या दृष्टीने उंबरठ्याच्याच जागी असतो. परंतु ही अट मात्र तो पूर्ण करीत नाही. त्यातील शब्द बहुधा लेखकाचे असतात, निवड लेखकाची नसते, आणि निवडणाऱ्याला 'वक्ता' म्हणावे असे कोणी तेथे उपस्थित नसते.

ही स्थिती एकाएकी आलेली नाही. आरंभीची शोधयंत्रे पृष्ठाच्या पहिल्या काही ओळी, किंवा संकेतस्थळाच्या मालकाने पृष्ठाच्या सांकेतिक भागात स्वतः लिहून ठेवलेले वर्णन, दाखवीत असत. या सोयीचा दुरुपयोग लवकरच झाला. पृष्ठावर नसलेल्या गोष्टी वर्णनात भरून वाचक खेचण्याचा उद्योग सुरू झाला आणि मालकाच्या आत्मकथनावरील विश्वास उडाला. दुसरा पर्याय मानवी संपादकांचा होता. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'ओपन डिरेक्टरी' या सूचीत स्वयंसेवक संपादक संकेतस्थळांची छोटी वर्णने लिहीत, आणि गूगल ती प्रसंगी निकालात वापरीत असे. २०१७ मध्ये ती सूची बंद पडली. तिसरा मार्ग प्रश्नसापेक्ष निवडीचा. वाचकाने जे शब्द टंकित केले, ते पृष्ठात जेथे एकत्र आढळतात तेथील वाक्ये उचलून दाखवायची. आज गूगलचा उतारा प्रामुख्याने पृष्ठाच्या मजकुरातूनच तयार होतो. मालकाचे वर्णन अधिक समर्पक वाटले तर ते दाखविले जाते, पण तशी हमी नसते. परिणामी एकाच पृष्ठाचे वर्णन प्रश्नागणिक बदलते. मालक उताऱ्याची लांबी मर्यादित करू शकतो, काही भाग उताऱ्यात येऊ नये असे चिन्हांकित करू शकतो (ही सोय २०१९ पासूनची), किंवा उतारा पूर्णपणे नाकारू शकतो. मौन पाळण्याचा अधिकार त्याला आहे. अमुकच बोला असे सांगण्याचा नाही.

या व्यवस्थेचे समर्थन दुर्बल नाही. वर्णन हे अखेर कोणासाठी असते? जो शोधतो त्याच्यासाठी. टॉम्ब्रॉस आणि सँडरसन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की प्रश्नाच्या अनुरोधाने काढलेला सारांश वाचला असता, दस्तऐवज आपल्या कामाचा आहे की नाही हे वाचक अधिक अचूकपणे ठरवू शकतात. आरंभीच्या ओळी तितक्या उपयोगी पडत नाहीत. लेखकाच्या आत्मवर्णनापेक्षा वाचकाची जिज्ञासा प्रमाण मानणारी ही दृष्टी लेखककेंद्री समीक्षेला कंटाळलेल्या सिद्धान्तकाराला आकर्षक वाटेल. तथापि अर्थनिर्णयात वाचकाला स्थान देणे आणि वाचन घडण्यापूर्वीच त्याच्या शब्दांचा प्रतिध्वनी त्याला ऐकवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा भेद अंबरनाथच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. वालधुनी नदीच्या काठचे तेथील शिवमंदिर भूमिज शैलीतील महत्त्वाची वास्तू आहे. मंदिरातील शिलालेखात शिलाहार राजा मामवाणी याचा निर्देश असून त्याचा काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा मानला जातो. परंतु या निष्कर्षाला इतिहास आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शक ७८२ असा वाचला होता; पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा दुरुस्त केला. याखेरीज पांडवांनी हे मंदिर एका रात्रीत उभारले, अशी लोकश्रद्धा आहेच.

आता असे समजू, की एखाद्या अभ्यासकाने या मंदिरावर निबंध लिहिला आहे. तो प्रामाणिक असेल तर पांडवांची कथा आदराने सांगेल, भाऊ दाजींचे वाचन त्यांच्या कारणांसह मांडील, आणि मगच सिद्धान्ताकडे वळेल. ज्या वाचकाने 'अंबरनाथ मंदिर पांडव' असा शोध घेतला, त्याच्यासमोर या निबंधातले कोणते वाक्य येण्याची शक्यता अधिक? 'हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले' हे. ज्याने ७८२ हा शक घालून शोध घेतला, त्याला पहिल्या वाचनाचे वाक्य दिसेल. 'असे म्हटले जाते, परंतु' हा जोड पुढच्या वाक्यात असेल तर तो कापला जाईल. उताऱ्यातला शब्दन्‌शब्द निबंधातला आहे, एकही अक्षर बनावट नाही. तरीही निबंधकाराने जे खंडनासाठी मांडले ते त्याचे मत म्हणून त्याच्या नावावर जमा होते. पूर्वपक्ष सिद्धान्ताच्या आसनावर बसतो.

मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयासाठी सहा लिंगे सांगितली : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) गीतेचे तात्पर्य ठरविताना याच कसोट्यांचा आधार घेतला. या कसोट्यांमागील तत्त्व असे, की वाक्याचे सत्यत्व आणि ग्रंथाचे तात्पर्य यांत अंतर असते आणि ते अंतर संपूर्ण ग्रंथाच्या रचनेतूनच ओलांडता येते. यंत्राने वाक्ये निवडण्याची कल्पना मांडणारे हान्स पीटर लून यांची १९५८ची पद्धत शब्दांच्या आवृत्तीवर आधारलेली होती. म्हणजे सहांपैकी 'अभ्यास' या एका लिंगाची तीत दूरची सावली होती. प्रश्नसापेक्ष उताऱ्यात तर तेही लिंग दुय्यम ठरते, कारण त्याचे प्रमाण ग्रंथाबाहेर, विचारणाऱ्याच्या शब्दांत असते. आजची यंत्रे शब्दांच्या पलीकडे जाऊन अर्थाचाही अंदाज घेतात हे खरे. पण हा अंदाज 'या प्रश्नाला जवळचे काय' याचा असतो, 'या ग्रंथाला काय म्हणायचे आहे' याचा नव्हे.

यावर असा आक्षेप येईल, की उतारा हे केवळ बोट दाखवणे आहे. मूळ पृष्ठ एका स्पर्शावर उपलब्ध असताना गैरसमजाचा दोष न वाचणाऱ्याचा. हा आक्षेप पूर्वी अधिक बलवान होता. २०१४ पासून गूगलने काही उतारे निकालाच्या शिरोभागी उत्तर म्हणून मांडण्यास आरंभ केला, आणि २०२४ पासून अनेक पृष्ठांवरून यंत्राने रचलेले उत्तरच तेथे येऊ लागले. बोट दाखवणारा स्वतःच उत्तर देऊ लागला, की त्याला साक्षीदाराची जबाबदारी टाळता येत नाही. न्यायालयात साक्षीदाराचे अर्धे वाक्य वाचून दाखवणारा वकील खोटे बोलत नाही; पण त्याला थांबवायला तेथे समोर दुसरा वकील असतो. निकालाच्या पानावर तो नसतो.

आणि या व्यवस्थेचा गंभीर परिणाम वाचकापेक्षा लेखकावर संभवतो. आपले कोणते वाक्य एकटे उचलले जाईल हे ठाऊक नसलेला लेखक हळूहळू असे लिहू लागेल, की कोणतेही वाक्य एकटे उचलले तरी धोका नाही. तो प्रतिपक्षाचे म्हणणे सविस्तर मांडणार नाही, लोककथा तिच्या स्वतःच्या स्वरात सांगणार नाही, उपरोध टाळील आणि प्रत्येक वाक्याला 'तथाकथित'ची शेपटी जोडील. प्रतिपक्ष त्याच्या सर्वोत्तम रूपात मांडून मगच त्याचे खंडन करावे, ही वादपरंपरेने शिकविलेली सभ्यता होती. वाचक उपसंहारापर्यंत येईल या विश्वासावर ती उभी होती. तो विश्वास गेला तर भाऊ दाजींचे वाचन निबंधातून वगळले जाईल आणि ९८२ हा आकडा उरेल. तो बरोबर असेल, पण तो बरोबर का आहे हे सांगणारे गद्य मागे राहिलेले नसेल.

म्हणून उताऱ्याची कसोटी त्यातील शब्द मूळ पृष्ठावर आहेत की नाहीत, एवढ्यावर थांबू शकत नाही. पूर्वपक्ष पूर्वपक्ष म्हणून ओळखू येतो का, ही तिची किमान पुढची पायरी आहे. यंत्रे ती आज ना उद्या काही प्रमाणात चढतील. तोवर मात्र समीक्षेला एक जुने काम नव्याने करावे लागेल : उद्धृत केलेल्या प्रत्येक वाक्याला, ते कोणाच्या मुखातले आणि कोणत्या पक्षाचे, हे विचारणे.