मदत आणायला गेलेली माणसं

“मी मदत आणायला गेलो होतो.”

शनिवारी मंडळाच्या सहलीत नदीकाठी काय झालं ते विंडसरमधल्या प्रत्येक मराठी घरात तीनतीनदा सांगून झालं आहे, म्हणून उजळणी नको. पावसात मंडप आडवा झाला, आजीआजोबा खाली राहिले आणि ज्यांच्या गळ्यात ‘आयोजक’ असा बिल्ला होता ती मंडळी सगळ्यात आधी गाडीत जाऊन बसली. कोणाचा फोन बंद पडला होता, कोणाच्या बाळाला सर्दी होती. असेल. पण मदत?

ही मदत कुठून आणायची होती? पार्किंगमधून? गाडीच्या काचा वर करून, वायपर चालू ठेवून ती यायची वाट बघायची असते का? अर्ध्या तासाने एकाने फोन करून विचारलं, “सगळं ठीक ना?” याला आमच्याकडे चौकशी म्हणतात. रात्री ग्रुपवर ‘टीमवर्क’चे आभारही आले, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. बिल्ले बंद करा, असं मी इथे किती वर्षं लिहितो आहे! बिल्ला चढला की माणसाची मान ताठ होते आणि पाय हलके होतात.

मदत आणायला जाणं वाईट नाही. याच गावात टिल्स्टन आर्मरी आहे. आपण तिच्यावरून गाडी हाकतो आणि पाटी वाचत नाही. फ्रेडरिक टिल्स्टन औषधशास्त्र शिकलेला, औषध कंपनीत नोकरी करणारा माणूस. तिशी उलटल्यावर एसेक्स स्कॉटिश या कॅनडाच्या पलटणीत शिरला. 1 मार्च 1945, जर्मनीतलं हॉखवाल्ड जंगल. पुढे सुमारे 500 यार्ड उघडं, सपाट रान. जमीन इतकी चिखलाची की रणगाडे सोबतीला येईनात. आपल्याच तोफखान्याचे गोळे पुढे फुटत होते, धोका वाटावा इतक्या त्यांच्या जवळून त्याने पलटणीतली आपली कंपनी नेली, कारण आडोसा तेवढाच होता. डोक्याला जखम झाली. मग कमरेला. कंपनीत 26 माणसं उरली, म्हणजे चौथा हिस्सा. दारूगोळा संपत आला.

तेव्हा टिल्स्टनही मदत आणायला गेला. गोळ्यांनी झोडपलेला रस्ता ओलांडून शेजारच्या कंपनीकडे, किमान सहा वेळा. फरक एवढाच की हातबॉम्ब आणि काडतुसं घेऊन तो प्रत्येक वेळी परत येत होता. शेवटच्या खेपेत पायाला गोळी लागली. शुद्ध हरपत असतानाही, उरलेल्या एकमेव अधिकाऱ्याला बचावाची योजना समजावून त्याच्याकडे सूत्रं सोपवेपर्यंत त्याने उपचार करू दिले नाहीत. दोन्ही पाय गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि पुढे तो आपल्या त्याच औषध कंपनीचा अध्यक्षही झाला.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर पानिपत आहेच. गारद्यांचा आणि तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान जखमी होईपर्यंत लढला, पकडला गेला, मारला गेला. त्याच दिवशी मल्हारराव होळकर मैदानातून निघाले. त्यांना भाऊसाहेबांनीच बायकामाणसांना सुखरूप न्यायला सांगितलं होतं, असं त्यांची बाजू घेणारे म्हणतात. त्या वादात मी पडत नाही; मागे पडलो होतो, तेव्हा पत्रांनी टपालपेटी भरली होती. एवढंच म्हणतो की पुढे अडीच शतकांहून अधिक काळ खुलासा करावा लागतो.

नियम साधा आहे. मदत आणायला खुशाल जा, पण परत या. परत येता येणार नसेल तर माणसं कोणावर सोपवली ते सांगून जा.

अर्थात पावसासाठी कोणी क्रॉस देत नाही, आणि भिजून न्यूमोनिया झाला तर मंडळ त्याचं बिल भरत नाही. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याला पळायची पूर्ण मुभा आहे. बाकीच्यांनी पुढच्या सहलीला छत्री आणावी. मदत आम्ही आमची शोधू.