वाजवणाऱ्याचा नकार

ज्या वाद्यानं बापाला राबवून घेतलं, ते वाद्य पोरानं उत्सवात वाजवावं का?

प्रश्न एवढाच आहे. पण त्यावरून आमच्या वस्तीत दर 14 एप्रिलच्या आधी भांडण ठरलेलं. पोरांचं म्हणणं, डीजे बंद करा, हलगी आणा, ती आपली आहे. म्हातारी माणसं ऐकून घेत नाहीत. माझे एक चुलते तर बैठकीतून उठून जातात. त्यांच्या लेखी हलगी म्हंजे गावात मढं पडलं की हातातला घास टाकून पळायचं, मढ्यापुढं वाजवत जायचं, जत्रंत दिवसभर उन्हात बडवायची, आणि संध्याकाळी वाड्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून शिळंपाकं पदरात घ्यायचं. "आम्ही काय हौसेनं वाजवत हुतो व्हय?" असं ते विचारतात. पोरांकडं याचं उत्तर नसतं.

मित्रांनो, या सवालाला बगल देऊन 'लोककलेचं जतन' वगैरे गप्पा मारणाऱ्यांची मला चीड येते. 1927 साली महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं सोडलं, हक्काच्या नावाखाली लादलेली कामं सोडली. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पाणी तुटलं, दुकानदारानं मीठमिरची दिली नाही. महार वतन कायद्यानं गेलं ते पुढं 1958 च्या कायद्यानं. माणसांनी ते मनातून कधीच फेकलं होतं. त्या फेकण्यात हलगीही गेली. आता कुणी पांढरपेशा अभ्यासक टेपरेकॉर्डर घेऊन येतो आणि ही कला लोप पावतेय म्हणून हळहळतो. बाबा रे, ती लोप पावली नाही. आम्ही ती टाकली. टाकणं हीसुद्धा आमची करणी आहे, तिचीही कुठंतरी नोंद कर.

पण म्हणून पोरांचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. माझ्यापुरता मी याचा निकाल असा लावलाय: ज्याला 'नाही वाजवत, जा' असं म्हणता येतं आणि तरीही जो वाजवतो, त्याचं वाजवणं ही कला. ज्याला तसं म्हणायची सोय नाही त्याचं वाजवणं कितीही सुरेल असो, ती वेठ.

यावर एकानं मला अडवलं. म्हणाला, मग तुझ्या चुलत्याच्या बोटात जे होतं ते काय? विस्तवावर कातडं तापवून ते बरोबर किती ताणलं की बोलतं, हे त्याला कळत होतं ना? कळत होतं. गुण त्याचा होता यात शंका नाही. पण बैलाच्या अंगातली ताकदही बैलाचीच असते. नांगर कुणाचा अन् शेत कुणाचं? गुण आपला आणि त्याच्यावर हुकमत दुसऱ्याची, ही जातीव्यवस्थेची खास करामत आहे. तिनं नुसते हात राबवले नाहीत, हातातली लयसुद्धा राबवली.

आपल्या चळवळीनं यातून एकदा वाट काढलेली आहे, ती विसरू नका. आधी सत्यशोधकी जलसे झाले, मग आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबतच्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, ढोलकी घेतली, सवालजवाब घेतला, आणि ज्या गावात बिदागीसाठी मान वाकवायची त्याच गावात ताठ मानेनं उभं राहून जातीवर हल्ला चढवला. सांगाडा तोच, पण आता कुणी वाजवायला लावत नव्हतं. दुसरीकडं, पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. फडावर नाचणाऱ्या बायांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तो पैसा त्यांच्या नाचण्यातून आलेला होता. जलशाला जवळ करणं आणि हा पैसा नाकारणं, दोन्हीच्या मुळाशी मला एकच न्याय दिसतो.

हाच न्याय मी 9 ऑगस्टला लावून बघतो. 1982 साली संयुक्त राष्ट्रांत आदिवासींविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक या तारखेला झाली, म्हणून 1994 च्या ठरावानं हा जागतिक आदिवासी दिन. अलीकडं आपले कार्यकर्तेही त्यात उत्साहानं जातात. चांगलं आहे. पण 'आदिवासी संस्कृतीचा गौरव' म्हणताना आपण काय बघतो? पाठीमागं कापडावर वारली चित्रं, पुढं तारपा नाच. चित्रात लग्नाचा चौक असतो, त्यात पालघट देवी. हा चौक भिंतीवर बायांनी तांदळाच्या पिठानं लिहायचा. वारल्यांत चौक 'काढत' नाहीत, लिहितात. आणि लग्न लावते ती धवलेरी. भट नाही, बाई! आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

आता त्याच लग्नाची दुसरी बाजू. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारली पोरगा लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचा आणि ते फिटेपर्यंत, म्हंजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायको दोघं त्याच्याकडं राबायची. अशांना लग्नगडी म्हणत. जो चौक आज कपबशीवर आणि दिवाणखान्याच्या पडद्यावर आलाय, तो लिहिला जात होता तेव्हा त्याच मांडवात गुलामीचा करार होत होता. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली उठले, वेठ आणि लग्नगडीपण मोडून काढलं. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, त्यात जेठ्या गांगडसह पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या 1970 सालच्या पुस्तकात हा लढा लिहून ठेवलाय. वारली कलेच्या किती प्रदर्शनांत हे सांगतात? मी तरी ऐकलं नाही.

वारल्यांनी आधी वेठ नाकारली, आणि त्यांचं चित्र भिंतीवरून कागदावर आलं ते त्यानंतर, 1970 च्या दशकात. भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर गेले. बायांबरोबर गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढं आले, आणि लग्नविधीबाहेर, स्वतःच्या मर्जीनं, रोज चित्र काढू लागले. 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 ला ते गेले. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हंजे कापडगिरणीनं उगाच 'वारली डिझाईन' छापून विकायला निदान कागदोपत्री तरी आडकाठी झाली. मानांकन हासुद्धा एक प्रकारचा नकारच. फक्त चौक लिहिणाऱ्या बायांची नावं मात्र या सगळ्यात मागं राहिली. कला बाजारात आली की नाव पुरुषाचं होतं, हे आपल्याकडंही काही वेगळं नाही.

नाचाचं सांगतो. तारपा मधोमध, आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. त्याच्याकडं पाठ करायची नाही. वेटोळ्याला पुढचं-मागचं नसतं, पहिला नंबर नसतो, बघे नसतात म्हटलं तरी चालेल, कारण आलेला माणूस थोड्या वेळानं साखळीत शिरतो. मी एका कार्यक्रमात बघितलं, सूत्रसंचालकानं सांगितलं, 'पाहुण्यांकडं तोंड करा.' झालं! वेटोळं मोडलं, सरळ रांग झाली, तारपा वाजवणारा माइकपाशी कोपऱ्यात गेला. पाहुणे यायला दोन तास उशीर, तोवर ही माणसं नाचाच्या पोशाखात उन्हात उभी. त्याच कार्यक्रमाला एका धवलेरीलाही बोलावलं होतं. ती आली, बसली, आणि म्हणाली, 'हे गाणं लग्नातलं आहे, मी इथं म्हणणार नाही.' आयोजकांपैकी कुणीतरी पुटपुटलं, मागासलेली आहे. मला तर त्या मांडवात तीच एक पुढारलेली दिसली.

तमिळनाडूत पराई नावाचं चामड्याचं वाद्य आहे, हलगीची सख्खी बहीण. तिथंही मयतीला वाजवणं हे दलितांवर लादलेलं जातीचं काम, आणि तिथंही पराई सोडा म्हणून लोक लढले. मग त्याच पराईला दलित कलामहोत्सवांत परत घेतलं गेलं, बायांनी खांद्याला अडकवली. दिंडीगलच्या शक्ती कलापथकाच्या मुली ती वाजवतात. मयतीला बायांना कधी कुणी वाजवायला लावलं नव्हतं; त्यांच्या हातात ती गेली तेव्हाच तिचा जुना हुकूम संपला. चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम संस्थेनं मार्गळी महिन्यात, म्हंजे जेव्हा सभागृहांतून कर्नाटक संगीताचा हंगाम चालतो नेमका तेव्हा, लोकांच्या गाण्याचा महोत्सव सुरू केला. तारीखसुद्धा भांडणाची असू शकते, हे त्यांच्याकडनं शिकण्यासारखं आहे. त्यांचाच पी. के. रोझी यांच्या नावानं चित्रपट महोत्सव आहे. रोझी मल्याळमच्या पहिल्या चित्रपटाची नायिका. दलित बाईनं पडद्यावर नायर बाई व्हावं हे सवर्णांना सोसलं नाही, त्यांनी पडद्यावर दगड मारले, तिला गाव सोडून पळावं लागलं. आपल्याकडं 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धनांचा 2011 चा माहितीपट वस्त्यावस्त्यांत पडदा बांधून दाखवला गेला. 1997 च्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरेंपासून तो सुरू होतो. ज्यांच्यावर सिनेमा, त्यांनीच तो जमिनीवर बसून बघितला. तिकीटबारीवर असा प्रेक्षक मिळत नाही.

आता माझ्या न्यायातली अडचण. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे तो कसला नकार देतो? भुकेला हुकूम लागत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न वाजवणाऱ्यावर ढकलून चालणार नाही, बोलावणाऱ्यावर येतो. आमच्यात रात्रभर भीमगीतं गाणाऱ्या गायकाला पाकीट मिळतं पहाटे, ते किती जाड हे अध्यक्षांच्या मर्जीवर. जेवण कार्यकर्त्यांचं आटोपल्यावर. मग वाड्याच्या उंबऱ्यात आणि आमच्या मंडपात फरक तो काय राहिला, असं मी यंदा बैठकीत विचारलं. काही जण चिडले. शेवटी एवढं ठरलं की ठरलेली रक्कम गाडीत बसण्याआधी द्यायची, आणि काय वाजवायचं, किती वेळ, कुणाकडं तोंड करून, हे पथकानं सांगायचं. पैसे घेऊनही एखादं गाणं त्यांनी गाळलं तर गाळू द्यायचं. हलगीचा ठराव तहकूब राहिला. चुलत्यांचं मत पडल्याशिवाय तो घेऊ नये असं मीच सुचवलं, आणि ते अजून काही बोललेले नाहीत.