हाती धरलेला दस्तऐवज



'दस्तऐवज' हा शब्द फारसीतून आला. 'दस्त' म्हणजे हात. ज्याला हाताने धरून राहावे असा आधार, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो कायदेशीर लेखाला लागला.

यिर्मया ३२ वा अध्याय वाचा. यरुशलेमेस बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. संदेष्टा कैदेत होता. तरी त्याने चुलतभाऊ हनामेलाचे शेत १७ शेकेल रुपे तोलून विकत घेतले. साक्षीदारांच्या सह्या झाल्या, खरेदीखत मातीच्या पात्रात ठेवविले.

शत्रू वेशीशी असता त्या कागदाची किंमत काय? पण या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील, असे देवाने सांगितले होते. यिर्मयाने ते वचन धरले.

बाप्तिस्म्याचा दाखला आपण पेटीत जपतो. त्यामागचे वचन संकटात हाती धरतो काय?