एकावर एक

आधी दोन कोरे कागद घ्या आणि दोन्हींवर एकेक सही करा. बँकेत करता तशी, विचार न करता. झाली? कागद पालथे घालून ठेवा. त्यांच्याकडे नंतर येऊ.

आता तो फोटो समोर घ्या. पांढरा अंतराळपोशाख, मागे चंद्राचं मोठं चित्र आणि त्यावर नील आर्मस्ट्राँगची सही. पोटात थोडं हललं असेल. हलू द्या. खरी का खोटी, हे एवढ्यात विचारू नका. विकणाऱ्यानं सांगितलेली हकीकतही थोडा वेळ दाराबाहेर थांबू दे. टेबललॅम्प बाजूला सरकवा, उजेड तिरपा पडू दे, भिंग डोळ्याशी आणा.

रेघ जिथे सुरू होते तिथे थांबा. माणूस सही करतो तेव्हा कागदाला टेकण्याआधीच त्याचा हात धावत असतो, आणि पेन उचललं तरी तो धावतच असतो. म्हणून रेघेची टोकं बहुधा निमुळती होतात. तुमच्या समोरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना शाईचा बारीक ठिपका बसलाय का? म्हणजे पेन टेकलं, थबकलं, मग निघालं. आणि पुरतं थांबल्यावरच वर उचललं गेलं. इतकी शिस्त हाताला नसते, यंत्राला असते.

ऑटोपेन म्हणतात त्या यंत्राला. सहीच्या वळणाप्रमाणे कापलेला साचा असतो, त्याच्या कडेनं यंत्राचा दांडा फिरतो आणि दांड्याला अडकवलेलं पेन कागदावर तीच वळणं काढतं. पेन खरं, शाई खरी, म्हणून शाई तपासून हाती काही लागत नाही. दाब बघा. वळणावर रेघ हलकी झाली का? सरळ जाताना जड? का पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, मध्येच बारीक थरथरलेली? घाई नाही, पुन्हा एकदा बघा.

१९६०च्या दशकात नासात ही यंत्रं आली, कारण सही मागणाऱ्या पत्रांना अंतच नव्हता. मला त्यात लबाडी वाटत नाही. यान चालवायला शिकणाऱ्यांनी दिवसभर फोटोंवर सह्या करत बसावं की काय? लबाडी पुढे सुरू होते, तोच फोटो कोणी ‘हातची सही’ म्हणून विकतो तेव्हा. १९९०च्या दशकात आर्मस्ट्राँगनं मागणाऱ्यांना सही देणंच बंद केलं. मग तर मोह आणखी वाढला.

हातानं केलेली नक्कल निराळी. ती गिरवलेली असते. पहिलीतलं मूल पाटीवर ‘अ’ गिरवतं तेव्हा अक्षर चुकत नाही, पण रेघेत धाक दिसतो. तसा धाक इथे दिसतो का, शोधा. नको तिथे घेतलेला श्वास शोधा.

आता फोटो खाली ठेवा, डोळे मिटा आणि जुलै १९६९मध्ये या. चंद्राकडच्या उड्डाणाआधी लोकांपासून दूर ठेवलेली तीन माणसं: आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स. समोर टपालाच्या पाकिटांचा गठ्ठा. आपण परत आलो नाही तर घरच्यांनी ही पाकिटं विकून चार पैसे उभे करावेत, म्हणून तिघं सह्या करताहेत. मोठ्या रकमेचा विमा त्यांच्या आवाक्यात नव्हता. संग्राहक या पाकिटांना ‘विमा पाकिटं’ म्हणतात. पाकीट, सही, पुढचं पाकीट. तिसाव्या पाकिटाशी बोटं अवघडली असतील. कोणीतरी मध्येच काही बोललं असेल, पेन जरा घसरलं असेल. जे डोक्यात होतं, त्याचा उच्चार बहुधा कोणी केला नसेल. थोडं इथेच बसा.

डोळे उघडा. यंत्राच्या सह्यांचे नमुने संग्राहकांनी जमवून ठेवलेत. एकेका अंतराळवीराचे अनेक, कारण साचेही अनेक होते. तुमच्या फोटोतली सही ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि सारख्या मापाच्या एकेका नमुन्यावर ठेवून बघा. वळणावर वळण, टोकावर टोक तंतोतंत बसलं, तर शोध तिथेच संपला. एखादी सही दुसरीशी इतकी जुळावी हे हाताला साधत नाही.

नाही पटत? मघाचे दोन कागद उचला. एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरा. पहिलं अक्षर नेमकं जुळवा. शिरोरेषा जरा पुढे गेलीय, वेलांटी उंच झालीय, आणि आडनावाशी पोचेपर्यंत दोन्ही सह्या आपापल्या वाटेनं निघाल्यात.