फडताळातील जुन्या बाटल्या आणि दानाचा विवेक

सणासुदीच्या तोंडावर घर झाडले जाते, कोळिष्टके निघतात, भांडी लखलखतात. परंतु न्हाणीघरातील फडताळास आणि आरशाखालच्या खणास सहसा कोणी हात लावीत नाही. अर्धी वापरलेली सुवासिक तेले, वाळलेले स्नो, तळाशी उरलेले शांपू आणि मागील दिवाळीचे उटणे तेथे सुखाने नांदत असतात. या क्षुल्लक वस्तूंच्या निमित्ताने एक प्रश्न उभा राहतो. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकणे ही उधळपट्टी होय, की ती न वापरता साठविणे हाच खरा अपव्यय?

आपल्या वाडवडिलांनी काटकसर शिकविली, ती योग्यच होती. परंतु त्यांची शिकेकाई व रिठा या कोरड्या वस्तू होत्या. आजच्या बहुतेक क्रीममध्ये पाण्याचा अंश असतो. झाकण उघडून बोट बुडविले की त्यांत जंतूंचा शिरकाव होतो. तेल हवा व उजेड लागून खवट होते. उरलेल्या शांपूत पाणी घालून ठेवल्यास तो लवकर नासतो. डोळ्यांची प्रसाधने तर विशेष जपावयाची. पापण्यांचा मस्कारा उघडल्यापासून सुमारे ३ महिन्यांनी बदलावा, असे सांगतात. वेष्टनावर वापराची अंतिम मुदत छापलेली असते. कित्येक डब्यांवर उघड्या बरणीचे चित्र व ६ किंवा १२ असा आकडा असतो. उघडल्यानंतर तितके महिने ती वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ. मुदत टळलेली वस्तू राखल्याने खर्चलेला पैसा परत येत नाही.

याहून नाजूक गोष्ट पुढेच आहे. असल्या वस्तू "वाया जाऊ नयेत" म्हणून घरकामास येणाऱ्या बाईंच्या हाती ठेवण्याची रीत कित्येक घरांत आढळते. कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा वाचकांस ठाऊक आहेच. यज्ञात पिता म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देत आहे, हे पाहून तो बालक अस्वस्थ झाला. जे आपल्या कन्येच्या मुखास लावावयास आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या कन्येस देणे हे दान कसे म्हणावे? न उघडलेली, मुदतीतली वस्तू अवश्य द्यावी, आणि ती वेळेवर द्यावी. नासलेली मात्र आपणच टाकावी; मोरीत न ओतता ती कचऱ्यात द्यावी, आणि फवाऱ्याचे डबे कधीही जाळू वा फोडू नयेत.

तथापि विवेकाच्या नावाखाली निष्ठुरता नको. घरातील वृद्ध मातेची बाटली तिला न विचारता फेकणे हा शुद्ध अविनय होय. दिवंगत आजीच्या करंड्यात तिचा हात असतो. तेथे आतील वाळलेले मेण काढावे, करंडा पुसून जपावा. एका दिवशी एकच खण आवरावा, ज्याची वस्तू त्यास जवळ बसवावे.

आणि नवी बाटली घरात आणण्यापूर्वी जुनी संपली काय, एवढे पाहावे. गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रहाचा धडा ग्रंथांतून आपण पुष्कळदा ऐकतो. त्याचा आरंभ या लहानशा फडताळापासून करावा, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.